शेवटचा प्रसंग आधी

मंगळवार, नोव्हेंबर २००६, कार्ल्सरूहे, जर्मनी

आमचे जपानी डिरेक्टर यामाने-सान आज स्वतःच रंगवत बसले होते. मूळचे चित्रकार; व्हिडिओ गेमची दृश्यं रंगवता रंगवता दिग्दर्शक झाले. पण गेम अजून अर्धाही झालेला नाही आणि हे थेट शेवटचा प्रसंग रंगवतायत?

"एवढी घाई कसली?" मी विचारलं.

"उद्या शेफने बोलावलंय. गेम कोणीही पुरा करो, शेवट तरी माझा असू दे."

शेफ म्हणजे जर्मनमध्ये साहेब. मी हसण्यावारी नेलं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. संध्याकाळी शेफचा मलाच फोन: "उद्यापासून टीम तू सांभाळशील?"

"नाइन, नाही," म्हणालो. तडकाफडकी.

"आल्झो, ठीक आहे, मग तुझ्याबद्दलही उद्याच बोलू," शेफ म्हणाला.

माझा व्हिसा याच नोकरीवर आहे, हे फोन ठेवल्यावर आठवलं.