काउंट ऑन, आणि आमचा स्लॅब

५ ऑगस्ट
आज मोठ्या वर्गाला ‘काउंट ऑन’ शिकवलं. अर्थ: अमुक माणूस ऐन वेळी येणारच, असं खात्रीने धरून चालणे. वाक्यात वापरा म्हटलं, तर सगळे ठोंब्यासारखे गप्प. डोकं फिरलं. शेवटी मीच फळ्यावर लिहिलं, ‘यू कॅन काउंट ऑन मी.’ मागच्या बाकावर हसू फुटलं. दोघांना बाहेर काढलं.
अठराला आमच्या घराचा स्लॅब. पेरू देशातल्या या अयाकुचो शहरात, आमच्या टेकडीवर मजूर कोण लावतो? आपण शेजाऱ्याच्या स्लॅबला काँक्रीटचे डबे वाहायचे, त्याने आपल्या. मी निश्चिंत आहे.

८ ऑगस्ट
शेजारच्या एउसेबिओला बोलावलं. मेल्याने तोंडावर विचारलं, "प्रोफे, माझ्या स्लॅबला तुम्ही कुठे होतात?" त्या दिवशी पाठ धरली होती. त्याच्या भावाच्या वेळी पेपर तपासत होतो. प्रत्येकाकडे डबे वाहायला मी काय रिकामटेकडा आहे? शिक्षकाची किंमतच नाही इथे.

११ ऑगस्ट, रविवार
जेवण थंडगार. बायको, नेलिदा, पुन्हा कुणाच्या तरी स्लॅबवर. सिमेंटने माखून आली. मास्तरच्या बायकोला हे शोभत नाही, असं सुनावलं. नेलिदा म्हणाली, मग आपल्याकडे माणसं तूच बोलाव. बोलावीन की. उद्यापासून रोज दहा घरं.

१५ ऑगस्ट
एकही घर झालं नाही. चढणीवर दम लागतो. शिवाय लोकांना स्वतःहून कळू नये?

१८ ऑगस्ट, सकाळी ८
भाड्याचा मिक्सर दारात. सेंट्रिंग तयार. टेकडीवर चिटपाखरू नाही. स्लॅब आज एका दमात पडला नाही तर सांध्यात गळणार, कायमचा. कृतघ्न लेकाचे, एकूण एक. नेलिदा चिचाचे, मक्याच्या दारूचे, घडे मांडतेय. हिला काळजी म्हणून नाही.

सकाळी ९
आले. तीसेक जण, आपापले डबे घेऊन. नेलिदाने सेंट्रिंगवर चढून नुसती हाक मारली. माझ्या शब्दाला वजन आहे शेवटी.

१९ ऑगस्ट
स्लॅब एका दमात ओतून झाला. काल मीही रांगेत उभा राहिलो. खालून डबा आला, एउसेबिओने माझ्या खांद्यावरून पलीकडच्याला दिला. दुसराही तसाच. तिसराही. मी भडकलो. तो म्हणाला, "रागावू नका, प्रोफे. तुम्ही मध्ये आहात हे लक्षातच राहत नाही."
आज वर्गात पुढचा धडा घेतला.
नेलिदाचं अंग ठणकतंय. अख्ख्या टेकडीचं ठणकत असणार. माझं काहीच दुखत नाही.