वाहेदच्या गाडीतली बाटली

अमरावती, कार्तिक वद्य ८, शके १७८६

वडील बंधू भगवंतराव दादा यांच्या चरणी धाकट्या खुशालचा दंडवत प्रणाम.

इकडं सगळे ठीक आहोत. तिकडं तुम्ही, माणिकवहिनी अन् रामराव बरे असान असं धरून चालतो.

तुमचं पत्र पोचलं. तुमचं म्हणजे रामरावच्या हातचं. आखाजीच्या सणाले आपली वाजली, तेव्हापासून हे तिसरं पत्र, अन् तिन्ही तुमच्या लेकाच्या अक्षरात. मजकूर तुमचा, राग तुमचा, हात तेवढा रामरावचा. सख्ख्या भावाले चार ओळी लिहायचा इतका कंटाळा? वैद्याचा भाऊ असून मी सरकारी दवाखान्यात जातो म्हणलं, एवढाच माहा गुन्हा. "त्या बाटल्यांत काय भरते कोणाले ठावं, आपण उपदेश घेतलेली माणसं, पंथाले काळं लावशीन," असं तुम्ही चार पाहुण्यांत बोलले. मी उठून आलो. बरं, नसन लिहायचं तं नका लिहू. मी लिहून राहिलो.

कापसाची गर्दी सांगतली तं तुम्हाले खोटं वाटन. पेठेपासून थेट बडनेऱ्याच्या रस्त्यालोक गाडीले गाडी लागलेली असते. समुद्रापलीकडं कुठं तरी लढाई लागली म्हणतात, तिकडचा कापूस बंद, म्हणून साऱ्या दुनियेले वऱ्हाडच दिसून राहिलं. मले उन्हं निघाल्यापासून अडतीत उभं राहावं लागते. गाडीतून चिमूटभर रुई काढायची, दोन्ही हातांच्या बोटांनी ओढायची, तंतू लांब का आखूड, चिवट का तुटका, ते सांगायचं. माह्या तोंडून निघालं की मग सेठ भाव बोलते. वीस वर्षं झाले, ही बोटंच माही भाकर आहेत.

बोटांचं दुखणं तसंच आहे. सकाळी मूठ वळत नाही. ऊन निंबावरून उतरून अंगणात येईलोक हात लाकडाचे. दोन्ही मनगटं सुजलेली, पेरं फुगलेली. एका हाताले होते तेच दुसऱ्याले. फेटा पार्बता बांधून देते. काल म्हणे, "लग्नात तुमाले सजवाची हौस राह्यली होती, आता फिटून राह्यली." बायको अशी, अन् दुखणं तसं!

तुम्ही सांगतलेलं सारं चालू आहे. सुंठीच्या काढ्यात एरंडेल, गुग्गुळाच्या गोळ्या, तापल्या वाळूच्या पुरचुंडीचा शेक. दही बंद, उडीद बंद, गूळ बंद, दुपारची झोप बंद. दिवाळीले घरात करंज्या झाल्या, मी ज्वारीची भाकर अन् मुगाचं वरण खाल्लं. पथ्यात माही चूक काढू नका.

परवा मात्र एक गाडी मी चांगली म्हणून काढली, अन् मधातून आखूड रुई निघाली. बोटांले कळलंच नाही, दादा. सेठनं माह्या हाताकडं पाहिलं. पुन्हा असं झालं तं माह्या जागी दुसरा पारखी उभा राहीन, अन् त्याचं बी चूक नाही.

शेजारच्या कुलसुमबीचा नवरा अब्दुल गफ्फार दवाखान्यात औषधं बनवायले आहे. तिकडून एक तेल आणलं, पोटात घ्यायचं. त्याचं मागून कधी लिहीन. गुग्गुळ संपत आला, पाठवा.

हात पुरते जुळत नाहीत, तरी दंडवत.
खुशाल


अमरावती, माघ शुद्ध ३, शके १७८६

दादांच्या चरणी दंडवत प्रणाम.

गुग्गुळ मिळाला. सोबतची चिठ्ठी पुन्हा रामरावच्याच हातची. असो.

मागच्या पत्रात तेलाचं अर्धं लिहून सोडलं होतं. अर्धं सोडलं कारण तेव्हा तुम्हाले भ्यालो. आता बी भिऊनच राहिलो, पण लिहितो.

दिवाळीच्या चार दिवस आधी मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं दोन्ही हात दाबून पाहिले, गुडघे पाहिले, सकाळी आखडलेपणा किती वेळ राहते ते विचारलं. मग दुभाष्याकडून सांगतलं, हे दुखणं मुळातून जाणार नाही, सांभाळावं लागन. मले त्याचा राग आला नाही. आजलोक भेटला तो प्रत्येक जण "महिन्याभरात खडखडीत करतो" म्हणाला होता. ह्यानं तसं म्हणलं नाही, म्हणून इस्वास बसला. दुखणं चढलं की घ्यायच्या पुड्या दिल्या, अन् एक तेल. सकाळ-संध्याकाळ एक एक चमचा. अब्दुल गफ्फारनं बाटली भरून हातात दिली अन् म्हणाला, "ताकद का तेल है, छोडना मत."

वास म्हणजे काय सांगू! पार्बता म्हणे चमचा घरात ठेवू नका, गोठ्यात ठेवा. मी नाक दाबून घेत गेलो. महिनाभर काही फरक नाही. पुढं मार्गशीर्षात एक दिवस पाहतो तं लोटा एका हातानं उचलला गेला. मग हळूहळू सकाळचा आखडलेपणा कमी झाला. आधी दुपार व्हायची, आता न्याहारीलोक हात मोकळे होतात. सूज आहे, पण आटली. अडतीत तंतू ओढला तं बोटांले कळते. पौषात एक बी गाडी चुकली नाही.

संक्रांतीले पार्बता कुलसुमबीकडं तिळगूळ द्यायले गेली. बोलता बोलता तेलाच्या वासाचं निघालं. कुलसुमबी हसली, म्हणे, "बास तो आयेगाच भाभी, मछली के कलेजे का तेल है. तुमकू मालूम नई था?"

पार्बता तशीच माघारी आली अन् उंबऱ्यातच बसली. मले म्हणे, "तुमाले ठावं होतं?" मी म्हणलं, नाही. खरंच नव्हतं, दादा. त्या माणसांनी बी फसवलं नाही. त्यांच्या घरी मासा खातात, त्यांना वाटलं आम्हाले माहीत असन. आपल्या घरात सात पिढ्या कोणी मांसाले शिवलं नाही, अन् मी दिवाळीपासून संक्रांतीलोक माशाचं काळीज पिऊन राहिलो होतो.

न कळत झालं त्याचं मले तितकं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेलो. बाटली ओतून टाकायची म्हणूनच गेलो होतो. बूच काढायले हात लावला अन् ते बूच पहिल्या झटक्यात निघालं. दिवाळीच्या आधी तेच बूच पार्बता दातानं काढत होती. मी तिथं उभा राहिलो, मोकळ्या बोटांकडं पाहिलं, अन् चमचा भरून प्यालो.

तेव्हापासून रोज कळूनसवरून घेऊन राहिलो. तुम्हाले लिहायचं होतं ते हे. पार्बताले ठावं आहे. चमचा आता गोठ्यातून घरात आला.

तुमचा काढा, शेक, पथ्य, काही सोडलं नाही. उलट ते आहे म्हणून हे लागू पडलं असं माहं मन सांगते. पण पाप ते पाप. प्रायश्चित्त काय ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगान ते करीन. फक्त तेल सोड म्हणू नका.

दंडवत.
खुशाल


अमरावती, चैत्र शुद्ध ११, शके १७८७

दादांच्या चरणी दंडवत प्रणाम.

माणिकवहिनी रिद्धपूरच्या यात्रेले जाता जाता आमच्याकडं दोन दिवस राहिल्या. प्रकृती चांगली आहे, पार्बताच्या हातच्या कढीले नावं ठेवून झाली, म्हणजे खरंच चांगली आहे. कापसाचा भाव उतरून राहिला, सेठचं तोंड बी उतरलं. ही झाली बातमी.

आता दुसरं. वहिनी आल्या त्या सकाळी मी ओसरीवर फेटा बांधत होतो. माहा मीच. वहिनी पाहत राहिल्या अन् एकदम रडायले लागल्या. मी म्हणलं, वहिनी, माशाचं तेल पिणाऱ्या दिराचं तोंड पाहून रडू आलं का? तं म्हणे, "मले सांगू नको म्हणाले होते. पण आता सांगतो, मंग काय व्हायचं ते हो."

दादा, दोन वर्षं! दोन वर्षं तुमचे हात असेच आहेत अन् तुम्ही मले कळू दिलं नाही. तुम्ही लोटा दोन मनगटांत धरून पाणी पिता. आखाजीपासून तं लेखणी बी धरवत नाही. औषध रामराव घोटते. रोग्याच्या नाडीवर तीन बोटं ठेवता अन् बोटांले काही लागत नाही, म्हणून त्याले तासभर सवाल विचारता. लोक म्हणतात, भगवंतराव आता फार खोलात जाऊन पाहतात. वहिनीनं हे सांगतलं तेव्हा मले हसू आलं, अन् मग मीच तोंड फिरवून बसलो.

अन् ती पत्रं! मी रामरावचं अक्षर पाहिलं अन् त्यात तुमचा राग वाचत गेलो. स्वतः पंधरा वर्षांचा असताना माह्या हातची धूळपाटी पुसून पुसून ज्यानं मले अक्षर शिकवलं, त्याले लेखणी धरता येत नसन, हे माह्या डोक्यात आलं नाही. माहे स्वतःचे हात तसेच असून आलं नाही. तुम्ही बी कमाल केली. दुखणं कबूल करण्यापरीस रागीट म्हणून घेतलेलं चाललं तुम्हाले. आखाजीले मी चार लोकांत म्हणलं, तुमच्या औषधानं कोणाचे हात बरे झाले दाखवा. दादा, तेव्हा तुम्ही हात उपरण्याखाली घेतले होते. मले आज आठवते. माफ करा.

वहिनीनं आणखी एक सांगतलं. माहं माघातलं पत्र रामरावनं वाचून दाखवलं. बुचाची ओळ तुम्ही दोनदा वाचायले लावली. मग विचारलं, "किती दिवसांत मोकळे झाले म्हणते?" बस. प्रायश्चित्ताचं एक अक्षर बोलले नाही.

म्हणून ही बाटली पाठवतो. वाहेद गाडीवान सेठचा कापूस इथं उतरवून, सरकी भरून तुमच्या अकोल्याले चालला. माणूस भरवशाचा आहे, बाटली सरकीत पुरून नेईन. तुम्हाले अंधारात ठेवत नाही: हे माशाच्या काळजाचं तेल आहे, दुसरं काही नाही. पहिले आठ दिवस अर्धाच चमचा, मग पूर्ण. जेवल्यावर घ्या, उपाशीपोटी मळमळते. वरून तुमचाच सुंठीचा काढा प्या, त्यानं वास मरते. शेक अन् पथ्य सोडू नका. महिनाभर काही वाटणार नाही, तेव्हा मले शिव्या द्या, पण बंद करू नका. जुलाब लागले तं चार दिवस थांबा. पुड्या पाठवत नाही, त्या डॉक्टरनं हात पाहिल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. त्यासाठी तुम्हाले इकडं यावं लागन, अन् आलेच पाहिजे.

पापाचं म्हणान तं मी हे ठरवलं. पुढल्या चैत्रात आपण दोघं रिद्धपूरले जाऊ अन् महंतांपुढं बसून सांगू. ते देतील ते प्रायश्चित्त दोघं मिळून करू. एकट्याले मले ते जड होतं. एकट्यानं तुम्ही दोन वर्षं काढले, तितका मी खंबीर नाही.

वाहेद पंधरा दिवसांनी इकडं परत निघन. दवाखान्यात रिकामी बाटली नेल्याशिवाय दुसरी भरून देत नाहीत, हा तिथला कायदा आहे. पत्र नको, रामरावले बी लिहायले सांगू नका. बाटली भरलेली परत आली तं मी तोंडातून शब्द काढणार नाही, जन्मात नाही. अर्धी आली तं माळ्यावर ठेवीन अन् वाट पाहीन. रिकामी आली तं त्याच दिवशी भरून आणीन.

हे सारं पत्र एका बैठकीत माह्या हातानं लिहिलं. दोन्ही हात जोडून, आता जुळतात, दंडवत प्रणाम.

तुमचाच,
खुशाल