टोपी आठ दिवसांत घट्ट झाली

आई,

बाळाचे कपडे न्यायला आलो, तर तू दुकानात आणि तुझा फोन घरात. मला लगेच परतायचंय, म्हणून चिठ्ठी.

तुझंच खरं निघालं. टोपी घट्ट झाली तेव्हा मी म्हणालो होतो, "भाचा हुशार आहे, अक्कल मावत नाहीये." चुकलो. तू मात्र रोज टेप लावून डोकं मोजलंस. रडत नसतानाही टाळू फुगलेली तूच पाहिलीस. डोक्यात पाणी साठतंय. ऑपरेशन उद्या आहे, पण वेळेत आणलंत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्यांनी विचारलं, "कुणी ओळखलं?"

मी ऐटीत म्हणालो, "आमच्या आईने. शर्ट शिवते."

तुझा मापांचा कागद त्यांनी फायलीला लावलाय. मागे कुणाच्या तरी पँटची मापं आहेत, तीही बाईंनी गंभीरपणे वाचली.

ताई हॉस्पिटलात वाट बघतेय. दुकान बंद ठेव आणि ये.