बावीस नंबर आत

१४ नोव्हेंबर
एकोणसाठाव्या वर्षी कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात! नात ब्रिन्ली शिकते, बास्केटबॉल खेळते, त्याच कॉलेजात मीही नाव घातलंय, आणि आजपासून क्रीडा-प्रसिद्धी कार्यालयात शिकाऊ विद्यार्थी म्हणून रुजू झाले. बाहेर आयोवाची गारठलेली मक्याची शेतं, आत पॉपकॉर्नचा वास. बास्केटबॉलच्या सामन्यात शेजारी बसलेले गस पुकारणार, "चार बाहेर, नऊ आत," म्हणजे चार नंबरची खेळाडू मैदानाबाहेर, नऊ नंबरची आत, आणि मी ते संगणकात टिपायचं. कॉन्व्हेंटात सिस्टर अ‍ॅग्नेसनी बोटांकडे न बघता टायपिंग करायला शिकवलं, ते असं कामी आलं. साहेब, ड्वाइट, माझ्या लेकीच्या वयाचे. त्यांनी एकच नियम सांगितला: आपल्या टेबलावर कुणासाठीही टाळ्या वाजवायच्या नाहीत. गस म्हणाले, "आजीबाई, नात उतरली की हातांवर बसा!"

२१ नोव्हेंबर
शेवटच्या मिनिटाला ब्रिन्ली पहिल्यांदाच मैदानात उतरली. बावीस नंबर. तिचा चेंडू जाळीतून गेला आणि मी वेड्यासारख्या टाळ्या पिटल्या. "चार बाहेर, बावीस आत" टिपायचं राहूनच गेलं. तिचे गुण चार नंबरच्या नावावर पडले. भोंगा वाजला, निकाल रवाना झाला. गस कुजबुजले, "आता गप्प राहा. आपण पाठवलं तेच घडलं."

२३ नोव्हेंबर
संघाच्या फोटोत ब्रिन्लीच्या जागी नुसती भिंत. संध्याकाळी आली, जेवलीच नाही. म्हणाली, "आजी, मला कुणी चेंडूच देत नाही गं. हाक मारली तरी वळत नाहीत."

२६ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. लेकीनं ताटं मांडली, ब्रिन्लीचं नाही. मी रागावले. लेक म्हणाली, "कोण ब्रिन्ली? आई, मला मूल झालंच नाही, हे तुलाच का सांगावं लागतं?" पोर तिथेच उभी होती. माझी बाही घट्ट धरून.

२८ नोव्हेंबर
ड्वाइटना विनवलं, सामन्याची नोंद दुरुस्त करू द्या. ते म्हणाले, "बावीस नंबर यंदा कुणाला दिलेलाच नाही. लॉरेन, तुम्ही घरी जाऊन विश्रांती घ्या." पोर समोर रडत होती, त्यांची नजर तिच्यातून आरपार— आणि आज सकाळी मलाही क्षणभर तिचं नाव— नाही. ब्रिन्ली. ब्रिन्ली.

३० नोव्हेंबर
ड्वाइट जेवायला गेलेत. तो सामना उघडला. बावीस आत. यंत्र विचारतंय— बाहेर कोण? भोंगा कधीच वाजलाय. आता जी बाहेर जाईल ती परत— चार नंबर? तीही कुणाची तरी नात.
माझं नाव टाइप केलं. बाहेर.

१ डिसेंबर
फोटोत आहे ती! हसतेय— लेकीच्या घरी धावले. ब्रिन्लीनंच दार उघडलं. ठणठणीत, लाल गाल. देवा, तुझे उपकार— तिनं विचारलं, "कोण हवंय तुम्हाला?" मग आत वळून, "ममा, कुणी म्हातारी बाई रडतायत—"
मी म्हटलं, बाळा, मी तुझी