राजवेलूची आई

कोडंबाक्कम, मद्रास
१२ ऑगस्ट १९६७

लाडके तिलका,

तुझं पत्र मिळालं, मुरुक्कूही. अर्ध्या चकल्यांचा चुरा झाला होता, पण चव आपल्या अम्माच्या हातची. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. भाऊजींचा खोकला थांबला का?

हल्ली मी लवकर दमते गं. सकाळी सातला मेकअपला बसायचं, केसांना पांढरं लावायलाच तास जातो. राजवेलूची आई झालेय मी या चित्रात. तोच राजवेलू, ज्याची मी सहा चित्रांत हिरॉईन होते. माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याच्या केसांना काळं लावतात, माझ्या केसांना पांढरं, आणि लावणारा माणूस एकच.

परवा पहिला शॉट होता. कापूर ओवाळला, नारळ फोडला. राजवेलूने "अम्मा" म्हणत येऊन पाया पडायचं, मी त्याला उठवून जवळ घ्यायचं, एवढंच. तो समोर आला आणि माझी मान आपोआप खाली गेली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं गेलं. इतक्या वर्षांची सवय. सगळा सेट खो खो हसला. राजवेलू म्हणाला, "अहो कुमुदा, मी मुलगा आहे आता तुमचा. लाजताय काय?" मीही हसले. मग मेकअपच्या खोलीत जाऊन दार लावून बसले. फार अपमान वाटला.

माझ्या पहिल्या चित्रात मी राणी होते. घोड्यावर बसायचे, माझी गाणी मीच गायचे. दरबारातलं ते भाषण पाठ करायला चार दिवस लागले, तू वही धरून बसायचीस आणि एक शब्द चुकू द्यायची नाहीस. या चित्रातली हिरॉईन सुरुवातीला टेनिस खेळते, इंग्रजी झाडते. मध्यंतरानंतर राजवेलू तिच्या थोबाडीत देतो. दुसऱ्या दिवशी ती साडी नेसून, कुंकू लावून त्याच्या पाया पडते. चार गाणी, तीही दुसरीच कुणी गाणार, आणि उरलेल्या वेळात त्याच्या मागे मागे "अत्तान, अत्तान" अशी नवऱ्याला मारतात तशी हाक मारत फिरायचं.

हे सगळं लिहून मी खरं ते टाळतेय. आपल्या अमुदाचं नाव कंपनीपर्यंत गेलं ही देवाची कृपा, असं तू लिहिलंयस. देवाचा काही संबंध नाही. पोंगलला काढलेला तिचा फोटो मीच मालकांना दिला. तीन वर्षं घरात बसून होते, तिलका. कुणी विचारत नव्हतं. मालक म्हणाले, "भाचीला हिरॉईन म्हणून आणा, आईचं काम तुमचं." मी लगेच हो म्हटलं. तुला विचारावंसंही वाटलं नाही.

ती सतरा वर्षांची, तो एक्कावन्न. काल माझे संवाद हातात आले. थोबाडीच्या शॉटमध्ये मी शेजारीच उभी आहे. तो मारतो, आणि मी म्हणायचं, "बरं केलंस, राजा." तीनदा वाचलं. 

शुक्रवारी कंपनीची गाडी कुंभकोणमला येईल. तिला पाठवू नकोस. कोण काय बोलेल ते बोलू दे, कराराच्या कागदावर सही करू नकोस. अमुदा रडेल, तुझ्याशी अबोला धरेल. तिला सांग, माझ्या थोरल्या बहिणीने, तुझ्या पेरियम्माने मोडता घातला, तिला तुझं चांगलं बघवलं नाही. मला शिव्या देऊ दे. आज दुपारी मालकांना जाऊन सांगून आले, भाची येणार नाही. ते म्हणाले, आई काय, कुठेही मिळेल.

रागावलीस तरी हे पत्र भाऊजींपासून लपवू नकोस.

तुझी मुलगी तुला न विचारता कबूल केलेली,
तुझी अक्का
कुमुदवल्ली