टेप टेस्ट: पास

३ मार्च
आजपासून रोजनिशी. तीस वर्षांचा छपाईचा अनुभव डोक्यातच राहिला तर वाया जाईल. मेटल, प्लास्टिक, लाकूड, काहीही आणा, छापून देतो. संकल्प: पाचला उठणे. बायकोशी वाद न घालणे.

४ मार्च
आठला उठलो. मेहुण्याने ऑर्डर आणली. तो कारखान्यात प्रेस मशीनवर आहे. चाळीस मशीनच्या बटणांखाली लावायला चाळीस स्टीलच्या पट्ट्या, त्यावर दोन शब्द: ‘चालू’ आणि ‘थांबा’. दोन्ही बटणं काळी. शिवाय काही मशीनवर ‘थांबा’ डावीकडे, काहींवर उजवीकडे. म्हणून अक्षरं टिकली पाहिजेत भाऊजी, असं दोनदा म्हणाला. कालचं पोर मला शिकवतंय.

६ मार्च
बायकोचं पुराण: पत्रा स्पिरिटने पुसा, मेटलची शाई वापरा, भट्टीत अर्धा तास भाजा, दुसऱ्या दिवशी टेप टेस्ट करा. म्हणजे छापलेल्या अक्षरावर चिकटपट्टी लावून झटक्यात ओढायची. शाई निघाली तर काम नापास. हा कारागिराचा अपमान आहे. लग्न लागल्यावर नवरा-नवरीला कुणी ओढून बघतं का? (वाक्य झकास. पुस्तकात घेणे.) वाद झाला.

९ मार्च
भट्टीची कॉइल जळाली. मेटलची शाईही संपली. बायको चार दिवस आईकडे, त्यामुळे काम शांतपणे झालं. डब्यांच्या झाकणांची प्लास्टिकची शाई उरली होती, तीच वापरली. काळी ती काळी. पट्ट्या गच्चीत उन्हात वाळवल्या. अक्षरं अशी उठली की बघत राहावं.

१० मार्च
माल दिला. सोबतच्या कागदावर ‘टेप टेस्ट: पास’ लिहून सही केली. टेप सापडला नव्हता. सापडला असता तर पासच झालं असतं, तेव्हा हे खोटं नव्हे, जरा आधी लिहिलंय इतकंच. एक पट्टी नमुना म्हणून ठेवली.

१३ मार्च
बायको परतली. चपला काढता काढता विचारलं, टेस्ट केली का? हो म्हटलं. मग नमुन्यावर माझ्यासमोर करा, म्हणाली. उद्या करतो म्हटलं.

२५ मार्च
मेहुण्याचा फोन. तेलकट हात लागून अक्षरं फिकी पडताहेत. नाचता येईना अंगण वाकडं, असं सुनावलं. हात धुवा म्हणावं. संकल्प: उद्या जाऊन बघणे.

२ एप्रिल
गेलो नाही. कारखाना दरवर्षी चांगल्या पुरवठादाराला लाकडी ढाल देतो. यंदा मलाच मिळणार, म्हणून आपणच छापून ठेवत होतो. लाकडाने शाई पिऊन ‘उत्कृष्ट’ फुगलं. लाकूडच हलकं.
पुन्हा मेहुण्याचा फोन. त्याच्या मशीनवरची अक्षरं साफ गेली, मार्करने लिहू का? माझ्या कामावर मार्कर चालवायचा नाही, असं स्पष्ट सांगितलं. नव्या पट्ट्या देतो म्हटलं. सोमवारी.

८ एप्रिल, दुपार
मेहुण्याला आज दुसऱ्या मशीनवर उभं केलं होतं. तिथली पट्टीही कोरी. पत्रा अडकला. बंद करायला त्याने सवयीने डावं बटण दाबलं आणि हात आत घातला. त्या मशीनवर ‘थांबा’ उजवीकडे होतं. उजव्या हाताची चार बोटं गेली.
बायको इस्पितळात आहे. मी इथेच थांबलो, कामं खोळंबतील. कारखान्यात उजेड कमी असणार.

११ एप्रिल
आज गेलो. मेहुणा म्हणाला, चूक माझीच भाऊजी, मी बघायला हवं होतं. तसंच मीही म्हणत होतो. मग म्हणाला, मार्कर खिशातच होता, पण तुम्ही नको म्हणाला होतात. भांडला असता तर बरं झालं असतं. बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती.

१२ एप्रिल, सकाळी सात
दहाला चौकशीवाले येणार. नमुना आणि टेस्टचा टेप मागतील. बायकोने पट्टी आणि टेपचं रीळ टेबलावर ठेवलं आणि पायरीवर जाऊन बसली.
टेप लावला. ओढला. ‘चालू’ अर्धं राहिलं. ‘थांबा’ पूर्ण निघून आलं.
तो टेप बोटाला चिकटला, म्हणून इथे दाबून काढला. आता या पानावरून निघत नाही. दोनदा नखाने खरवडून पाहिलं. त्यांना वहीच द्यावी लागणार.