तीन फोटो आणि एक आवाज

४ मार्च
धाकटीला स्थळ आलंय, लग्नाच्या साइटवरून. जहाजावर इंजिनियर, सध्या सुट्टीवर. आई दुपारपासून हवेत आहे.
फोटो पाहिले. तीनच. तिन्हींत तोच हसरा चेहरा, तिन्हींच्या कडा कापलेल्या. स्टुडिओत माझं कामच ते — कुणाचे डाग काढ, कुणाला मागून पुसून टाक. पुसलेलं माणूस मला दिसतंच. एका फोटोत त्याच्या खांद्यावर बोटं राहून गेलीत. लहान मुलाची. आणि खाली लिहिलंय — अविवाहित.
धाकटी म्हणाली, भाचाबिचा असेल.
असेल.

७ मार्च
रोज बोलतात. आवाज चांगला आहे, खालच्या पट्टीतला. वाक्याआधी घसा खाकरतो. व्हिडिओवर मात्र येत नाही, कॅमेरा बिघडलाय म्हणे. जहाजाची इंजिनं दुरुस्त करतो आणि कॅमेरा होत नाही!
आई म्हणाली, इतकी चिकित्सा करू नकोस, हिचंही तुझ्यासारखं व्हायचं. मग स्वतःच ओशाळली. मी भांडी घासत राहिले.

९ मार्च
त्याने तिला साइटवरची माहिती काढून टाकायला लावली. आता दुसऱ्या कुणाला कशाला दिसायला हवीस, असं म्हणाला. धाकटी लाजून सांगत होती. मला ही वाक्यं पाठ आहेत. लग्नानंतर मीही मैत्रिणींना अशीच कौतुकाने सांगायचे.

१० मार्च
पाणी मुरतंय. कुठे ते सापडत नाही.

१२ मार्च
धाकटी लॅबमधून आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. जेवताना आपणहून बोलली. त्याचा मेसेज आला होता — हिरवा रंग खुलतो तुला. तिने आज फोटो पाठवलाच नव्हता. विचारलं तर म्हणाला, जवळून चाललो होतो. मग भेटला का नाहीस? तर म्हणे, तुझ्याबरोबर तो डॉक्टर होता ना.
म्हणजे त्याने तिला पाहिलंय. तिने त्याला नाही.
मी म्हटलं, इथेच थांबव. भडकली.
"दुधाने तोंड तुझं पोळलंय, ताई. माझं ताक कशाला फुंकतेस?"
दार आपटून आत गेली. शनिवारी त्याच्या घरी भेटायला जाणार आहे, हेही दाराआडूनच सांगितलं. एकटीनेच ये, असं त्याने बजावलंय.
तीसुद्धा घाबरलीय. म्हणून तर एवढी चिडली.

१३ मार्च
स्टुडिओत आज गिऱ्हाईक कमी. तो बोटांचा फोटो मोठा करून बसले. मागे फळीवर बक्षिसाची एक ढाल दिसते. उजेड कमीजास्त करत गेले तशी अक्षरं वर आली — पोहण्याच्या एका क्लबचं नाव. फोन लावला. तिथल्या बाईंना म्हटलं, फोटो पाठवते, ओळखता का बघा. थोड्या वेळाने त्यांचाच फोन.
"हे आमचे सर. पोहायला शिकवायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली हो. तुम्हाला कुठे मिळाला हा फोटो?"
जमेल तसं सांगितलं. सरांच्या बायकोला माझा नंबर देते, म्हणाल्या.
घरी आल्यावर धाकटीला समोर बसवलं. रडली नाही. त्याचे मेसेज पहिल्यापासून वाचत गेली.
"मग मी बोलत होते ते कुणाशी?"

१४ मार्च
शनिवार. ती त्याच्या घरी गेली नाही. त्याचे फोनवर फोन. उचलत नाही.
तिला लॅबमध्ये सोडायला मी गेले. वाटेत औषधाच्या दुकानात रांगेत मागे कुणीतरी घसा खाकरला. धाकटीने माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. म्हातारे गृहस्थ होते बिचारे, खोकल्याचं औषध न्यायला आलेले.

१५ मार्च
सरांच्या बायकोचा फोन आला. हळू बोलत होती, कुणी ऐकेल या धास्तीने. हे फोटो नवऱ्याच्याच फोनमध्ये होते, म्हणाली. त्यांच्या मागे तो फोन दिराने ठेवून घेतला.
धाकटीने त्याचा एक आवाजी मेसेज लावला. पलीकडून तिने ऐकला. परत लावा, म्हणाली.
"हे माझे दीरच. आत्ता बाहेरच्या खोलीत बसलेत."
मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली,
"उद्या आमचं लग्न आहे. नोंदणी. सगळ्यांनी ठरवलंय — मुलीला आधार हवा म्हणून."
धाकटीने फोन हातातून घेतला आणि आमचा पत्ता सांगितला. दोनदा सांगितला, सावकाश.
"मुलीला घेऊन निघा. मी दारात उभी राहते."

१६ मार्च
सकाळी आल्या दोघी मायलेकी, नेसत्या कपड्यांनिशी. धाकटीने मुलीला आत नेऊन दूध दिलं. तिची आई पाण्याचा पेला नुसताच धरून बसली होती. मग म्हणाली, या लग्नाला नाही म्हणायला मला आजवर कारणच सापडत नव्हतं.
आई उठली, आणि दाराला आतून कडी घातली.